हिरवी बुरशी : उसाची सोबतीण, अळिंबीची वैरीण

ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



ऊस नोंदीसाठी गट कार्यालयात आलेले सभासद अलीकडे काम झाले तरी लगेच उठत नाहीत. जरा घुटमळतात आणि मग हळूच विचारतात, "साहेब, ते अळिंबीचं कसं काय? पोरगं म्हणतंय शेड टाकू." पवन मावळात हेच, नाणे मावळात हेच. कामशेतच्या बाजारात भाजी घेताना गाठून विचारणारेही आहेत. काहींनी विचारले नाही, शेड टाकून मोकळे झाले आणि पिशव्या हिरव्या पडल्यावर आमच्याकडे आले. एकेकाला वेगळे उत्तर देत बसण्यापेक्षा आमचे जे मत आहे ते या पत्रिकेतून एकदा सर्वांपुढे मांडावे, असे आम्ही ठरवले.

अळिंबी मावळाला नवी नाही. पावसाळ्यात वारुळाच्या अंगाला उगवणारी रानातली अळिंबी आपल्या घरच्या बायकांना कळते, खायची कुठली आणि सोडायची कुठली हेही कळते. आता जी चर्चा चालू आहे ती धंद्याच्या अळिंबीची. तिचे आपल्या कामाचे प्रकार दोन. एक पांढरी बटण अळिंबी, जी लोणावळा-खंडाळ्याच्या हॉटेलात मागतात. तिला वाढीच्या वेळी २२ ते २५ अंश आणि फळ धरताना १४ ते १८ अंश तापमान लागते. म्हणजे वातानुकूलित खोल्या, कंपोस्टचे बंकर, सगळा कारखानाच की. ते काम दोन-चार एकरवाल्या सभासदाचे नाही, त्यावर जास्त लिहीत नाही. दुसरी धिंगरी. ती भाताच्या पेंढ्यावर येते, २० ते ३० अंशांत येते, साध्या कुडाच्या शेडमध्येही येते. आपली पोरे जी शेड म्हणतात ती धिंगरीची.

पोरांचे म्हणणे चुकीचे आहे असे आम्ही म्हणणार नाही. पेंढा घरचा. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली इंद्रायणी वाण दिला, तेव्हापासून आपल्या खाचरांत तोच जास्त, आणि त्याचा पेंढा जनावरांना घालूनही उरतो. जमीन वाटण्या होऊन गुंठ्यांवर आली आहे. ऊस अठरा महिन्यांनी पैसे देतो, अळिंबी दीड-दोन महिन्यांत. एक किलो वाळलेल्या पेंढ्यापासून अर्धा ते पाऊण किलो ताजी अळिंबी नीट काम केले तर निघते. हे सगळे खरे. जे सांगितले जात नाही ते एवढेच की ही अळिंबी स्वतः एक बुरशी आहे, आणि जिथे एक बुरशी पोसायची तिथे दुसरीही न बोलावता जेवायला येते.

या न बोलावलेल्या पाहुण्यांत पहिला मान हिरव्या बुरशीचा. तिचे शास्त्रीय नाव ट्रायकोडर्मा. नाव वाचून सभासद दचकतील, कारण हे नाव आमच्याच तोंडून त्यांनी शंभर वेळा ऐकले आहे. बेणे प्रक्रियेला ट्रायकोडर्मा वापरा, मर आणि बेणे कुजण्यावर ट्रायकोडर्मा चांगला, शेणखतात मिसळून सरीत टाका, हे आम्हीच सांगत आलो. पाचट जाळू नका, हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजविणारे संवर्धन टाकून जागेवर कुजवा, हेही आम्हीच सांगतो, आणि त्या कुजविणाऱ्या संवर्धनांत हीच बुरशी पुष्कळदा असते. प्रेसमडच्या खतात तर ती आपोआप सुखाने वाढते. जमिनीतल्या रोगट बुरशीला ती वेटोळे घालते, तिची भिंत विरघळवते आणि तिला खाऊन टाकते. म्हणून ती उसाची मित्र. आता हाच गुण अळिंबीच्या पिशवीत आणून बघा. तिथे रोगट बुरशी कोण आणि धिंगरी कोण, हे तिला कसे कळावे? तिच्या लेखी दोन्ही बुरशीच. ती धिंगरीचे धागे अडवते, पेंढ्यातले अन्न आधी खाते आणि पिशवी बळकावते.

येथे एक खुलासा केला पाहिजे, नाहीतर कोणी उद्यापासून ट्रायकोडर्मा वापरायचे बंद करील. परदेशात बटण अळिंबीच्या धंद्याला या हिरव्या बुरशीने फार मोठा तडाखा दिला. १९८५ च्या सुमारास आयर्लंडमध्ये, पुढे इंग्लंडात, १९९० नंतर कॅनडात आणि अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया भागात. पहिल्यांदा लोकांना वाटले, ही आपली नेहमीची, शेतीत वापरतात तीच जात. पुढे तपासात ती वेगळी निघाली आणि २००२ साली तिला ट्रायकोडर्मा ॲग्रेसिव्हम असे नवे नाव मिळाले. तेव्हा तुमच्या कोठारातल्या पुड्यात आयर्लंडची महामारी भरलेली आहे असा अर्थ काढू नये. पण धिंगरीच्या पेंढ्याला एवढ्या आक्रमक जातीचीच गरज पडते असेही नाही. पेंढा नीट तापवलेला नसला तर साधी, शेतातली जातही पिशवी खाते. तिकडच्या मोठमोठ्या कंपन्यांनाही शेवटी मुख्य भर कशावर द्यावा लागला, तर स्वच्छतेवर. नुसत्या औषधाने ती आवरली नाही.

आता आपल्या घराची रचना डोळ्यांपुढे आणा. अंगणाच्या एका बाजूला गोठा, मागे उकिरडा, बांधाला पाचटाचा खड्डा, कारखान्याहून आणून टाकलेला प्रेसमडचा ढीग, आणि पडवीत ट्रायकोडर्माचे पुडे. याच आवारात मोकळी जागा बघून अळिंबीची शेड! दुपारी बापाने बेणे प्रक्रिया करायची आणि तेच हात, तेच कपडे घेऊन संध्याकाळी पोराला पिशव्या भरायला मदत करायची. बुरशीचे बीजाणू डोळ्याला दिसत नाहीत, वाऱ्यावर जातात, माशीच्या पायाला लागून जातात, विळ्याला लागून जातात. ऊस उत्पादकाचे आवार म्हणजे या बुरशीचे माहेर आहे. भाजीवाल्यापेक्षा, नोकरदारापेक्षा ऊसवाल्याला अळिंबीत जास्त जपावे लागेल, असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि हे त्याला कोणी सांगत नाही हीच तक्रार आहे.

मावळचा पाऊस हा दुसरा मुद्दा. लोणावळ्याला वर्षाला चार-चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. हवेत ओल आहे, गारवा आहे, म्हणजे अळिंबीला आयतेच हवामान मिळाले असे वरवर वाटते. धिंगरीला ८० ते ९० टक्के आर्द्रता लागते हे खरे, पण ती फळ धरण्याच्या वेळी. त्याआधीचे पंधरा-वीस दिवस धिंगरीचे धागे पेंढ्यात पसरत असतात, तेव्हा कोंदट ओल ही धिंगरीपेक्षा हिरव्या बुरशीच्या फायद्याची. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये जो पेंढा हाताशी असतो तो आठ-नऊ महिन्यांचा. उडवी वरून कितीही शाकारलेली असो, बुडाला ओल धरतेच. त्या पेंढ्याला वास येतो, झटकला की धूळ उडते. ती धूळ म्हणजे बुरशीच. आमचा सल्ला असा की पहिले वर्ष पावसाळ्यात हात घालूच नये. दिवाळीच्या सुमारास भात झोडपले की त्याच वर्षीचा, सोनेरी, एकदाही न भिजलेला पेंढा वेगळा काढून कोरड्या माळ्यावर ठेवावा आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत शेड चालवावी. थंडीत वाढ जरा सावकाश होते, पण माशी कमी, बुरशी कमी, आणि माल राहिला तर उन्हात वाळवता येतो. पावसाळ्यात ताजा माल खपला नाही तर दोन दिवसांत चिकट होतो आणि वाळवायला ऊन कुठले? दहा किलो ताज्या मालाचा जेमतेम एक किलो वाळलेला होतो, तोसुद्धा चुलीजवळ धुरकटलेला कोण घेणार?

बहुतेकांचे घोडे अडते ते पेंढा तापवण्यात. तीन ते पाच सेंटिमीटरचे तुकडे करून पेंढा रात्रभर, आठ-दहा तास, गार पाण्यात भिजवायचा, निथळायचा आणि मग ८० अंशांच्या पाण्यात एक तास ठेवायचा, ही शिफारस सगळे पाठ म्हणून दाखवतात. आम्ही ज्या शेड पाहिल्या तिथे पिपाखाली जळण घातलेले, पाण्यात बोट घालून "चांगलं कढत झालंय" असे म्हटलेले, आणि वरून गार पेंढा दाबून भरलेला. पेंढा टाकला की पाणी एकदम गार पडते. ते पुन्हा ८० वर आले की तिथून तास मोजायचा, हे कोणी करत नाही. थर्मामीटर नाही. दोन लाखांची शेड आणि थर्मामीटर नाही! पिपाच्या मधोमध, पेंढ्याच्या पोटात किती तापले ते बघितले पाहिजे, काठाला नव्हे.

अर्धवट तापवण्याने नुसता फायदा होत नाही एवढेच नाही, तोटा होतो. जळीत ऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच कळेल. फड जळाल्यावर काही दिवसांनी करपलेल्या उसावर, खुंटांवर नारिंगी भुकटीसारखी बुरशी येते. ती न्यूरोस्पोरा. हिच्या काही बीजाणूंना उगवण्यासाठी आधी चटका बसावा लागतो. साठ अंशांच्या आसपास अर्धा-एक तास ऊब मिळाली की ते मरण्याऐवजी जागे होतात. आगीनंतर ती का येते, हे त्यात आले. हीच नारिंगी बुरशी अळिंबीच्या पिशव्यांवर आली की एका-दोन दिवसांत बोळ्यातून, भोकातून बाहेर पडते आणि शेडभर उडते. तेव्हा साठ अंशांवर भागवणारा माणूस एका बुरशीला मारतो आणि दुसरीला उठवतो.

गरम पाण्याऐवजी औषधी पाण्याचीही शिफारस आहे : १०० लिटर पाण्यात साडेसात ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि १२५ मिलिलिटर फॉर्मेलिन, त्यात पेंढा १६ ते १८ तास. पद्धत चालते. पण साडेसात ग्रॅमऐवजी मूठभर टाकणारे आम्ही पाहतो, फॉर्मेलिनने डोळे चुरचुरतात, आणि भाजी म्हणून खायच्या वस्तूत औषध जितके कमी तितके बरे. आमचा कल गरम पाण्याकडे, त्याहून वाफेकडे.

वाफेवरून बगॅस आठवले. पुष्कळांची कल्पना अशी की कारखान्याचा बगॅस आणावा आणि त्यावर अळिंबी घ्यावी. येते, नाही असे नाही. पण गाळप कितीही चांगले झाले तरी बगॅसमध्ये शेकडा दोनच्या आसपास साखर उरते. धिंगरीला गोडाची गरज नाही, ती पेंढ्यातले टणक तंतू फोडून खाऊ शकते. हिरव्या आणि काळ्या बुरशीला मात्र साखर म्हणजे लग्नाचे जेवण. बगॅस वापरायचाच तर धुऊन, पेंढ्यात मिसळून आणि पूर्ण वाफवून. पेंढ्यात कोंडा, पेंड मिसळून उत्पन्न वाढवण्याचेही असेच आहे. पूर्ण निर्जंतुक करायची सोय नसेल तर त्या वाढीव उत्पन्नाच्या नादी लागू नये.

बाकीची काळजी सभासदांना सांगण्याची गरज कमी, ती कोणालाही करता येईल अशी आहे. पेंढा मुठीत दाबला तर हाताला ओल लागावी, पाणी गळू नये. गळणाऱ्या पेंढ्यात हिरवी बुरशी ठरलेलीच. पेंढा पूर्ण निवल्याशिवाय स्पॉन पेरू नये, ओल्या वजनाच्या दोन टक्के धरावा. स्पॉन आणताना पिशवी उजेडात धरून बघावी, एक जरी दाणा हिरवा-काळा दिसला तरी ती घेऊ नये, विक्रेता कितीही ओळखीचा असो. शेडच्या दाराशी चुन्याची पायपुसणी, खिडक्यांना बारीक जाळी. कामाची वाट नव्या पिशव्यांकडून जुन्यांकडे. जुन्या, फळ देऊन संपत आलेल्या पिशव्यांत हात घातला की त्या दिवशी नव्या खोलीत पाय ठेवायचा नाही. अळिंबी तोडताना तोंडाला फडके बांधावे, कारण धिंगरीचेही बीजाणू उडतात आणि रोज छातीत गेले की खोकला जडतो.

आणि डोळे उघडे ठेवावेत. हिरवी बुरशी पहिल्यांदा हिरवी नसतेच. ती पांढरी असते, धिंगरीसारखीच, आणि माणूस खूश होतो की वाढ जोरात आहे. दोन-चार दिवसांत मधला भाग हिरवा होतो. पिशवीवर लालसर-तपकिरी, तिखटाच्या पुडीसारखे बारीक कोळी हलताना दिसले तर समजावे की आत ट्रायकोडर्मा आहे. ते कोळी तिच्यावरच जगतात. ठिपका लहान असेल तर त्यावर मीठ किंवा चुना दाबून पिशवी बाजूला ठेवावी. पसरला असेल तर मोह करू नये. पिशवी शेडमध्ये फोडायची नाही, तशीच दुसऱ्या पिशवीत घालून बाहेर न्यायची आणि लांबच्या, वाऱ्याच्या खालच्या अंगाला असलेल्या पाचटाच्या खड्ड्यात पुरायची. तिथे ती वाया जात नाही, पाचट कुजवायला उपयोगीच पडते. अळिंबीच्या शेडमधून हाकललेली उसाच्या खड्ड्यात कामाला लागते, हा त्यातला समाधानाचा भाग.

हिशेब सांगायचा तर शंभर पिशव्यांत पाच-सात गेल्या तर तो धंद्याचा भाग आहे. पंचवीस गेल्या तर आमच्या अंदाजाने नफा गेला. निम्म्या गेल्या तर स्पॉनचे पैसे अंगावर आणि पतसंस्थेचा हप्ता उसाच्या बिलातून. दु:ख इथे आहे. शेड पोराच्या नावावर असते, कर्जाला जामीन बाप असतो आणि फेड उसाची. "बियाणे आम्ही देऊ, प्रशिक्षण आम्ही देऊ, सगळा माल आम्हीच घेऊ" असे सांगून आगाऊ रक्कम घेणारे लोक गावोगाव फिरतात. पिशव्या हिरव्या पडल्या की यांचे उत्तर ठरलेले : तुमचीच स्वच्छता नव्हती. कागदावर तसेच लिहून घेतलेले असते. सही करण्यापूर्वी तो कागद गट कार्यालयात दाखवला तर आमचे काही जात नाही, आपले मात्र वाचेल. शिकायचेच असेल तर पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय समन्वित अळिंबी प्रकल्पाचे केंद्र आहे, देशाचे मुख्य केंद्र १९८३ सालापासून हिमाचलात सोलन येथे आहे. मावळातून पुणे लोकलने दीड तास. आगाऊ रक्कम घेणाऱ्याच्या जाहिरातीपेक्षा हा दीड तास स्वस्त.

एवढे सांगून आम्ही बाजूला झालो तर तेही बरोबर नाही. वीस पोरांनी वीस पिपांखाली लाकडे जाळून अर्धवट पेंढा तापवायचा, हीच मुळात चुकीची रीत आहे. आपल्याकडे काय आहे? गाळप हंगाम नोव्हेंबर ते मार्च, धिंगरीचा चांगला हंगामही तोच. पेंढा त्याच वेळी ताजा. आणि वाफ कारखान्यात चोवीस तास. आम्ही शेतकीचे डिप्लोमावाले, बॉयलर हा आमचा प्रांत नव्हे, पण गणित सोपे आहे. एक टन ओला पेंढा ८० अंशांपर्यंत न्यायला शंभर किलोच्या आत वाफ लागते. गळती आणि तासभर टिकवणे धरून दीडशे किलो म्हणा. एक टन उसाची साखर करायला चारशे ते पाचशे किलो वाफ जाते. म्हणजे एक टन पेंढ्याची वाफ ही टनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या उसाची. त्या टनभर ओल्या पेंढ्यात तीनशे किलो वाळलेला पेंढा असतो आणि त्यातून दीडशे-दोनशे किलो अळिंबी निघायला हरकत नाही. वीज विकायची असल्याने वाफेचा किलो-किलो मोजला जातो हे आम्ही जाणतो. तरी आठवड्याला दोन-चार टन पेंढ्याने गाळप अडणार नाही.

आमची सूचना अशी आहे. सहवीज आणि उत्पादन विभागाची संमती घेऊन एक बंद खोली बांधावी, तिच्यात वाफेची नळी, तळाला निचरा आणि पेंढ्याच्या पोटात जाणारे तीन थर्मामीटर. सभासदाने स्वतःचा कापलेला, भिजवलेला पेंढा आणायचा, वाफवून स्वच्छ पिशव्यांत बंद करून न्यायचा, ना नफा ना तोटा दराने. खोलीची जागा मात्र प्रेसमड आणि स्पेंटवॉशच्या खत यार्डापासून लांब, यार्डाचा वारा येणार नाही अशा बाजूला हवी. ऊसगाड्यांच्या वाटेवरही नको. पेंढा वाहून आणणाऱ्या ट्रॉलीतूनच आदल्या दिवशी प्रेसमड नेलेला असेल तर सगळे मुसळ केरात, म्हणून ट्रॉली धुवायची सोय खोलीच्या आधी पाहिजे. यावर काही सभासद म्हणतील, कारखान्याने साखर करावी, भाजीपाला कशाला? त्यांचे म्हणणेही आम्हाला पूर्ण अमान्य नाही. पहिल्या हंगामात वीसपेक्षा जास्त सभासद घेऊ नयेत आणि प्रत्येकी पन्नासपेक्षा जास्त पिशव्या देऊ नयेत. किती पिशव्या हिरव्या पडल्या याची नोंद प्रत्येकाने ठेवावी, ती याच पत्रिकेत छापावी, बरी-वाईट जशी असेल तशी.

ज्यांनी शेड आधीच टाकली आहे त्यांनी मागील हंगामात किती पिशव्या भरल्या, किती गेल्या, पेंढा कसा तापवला आणि आवारात खताचा ढीग किती अंतरावर होता, एवढी माहिती आपल्या गटाच्या शेतकी मदतनीसाकडे लिहून द्यावी. नावे छापली जाणार नाहीत. वाफेच्या खोलीचा प्रस्ताव संचालक मंडळापुढे नेताना आम्हाला हे आकडे लागतील, आणि ते आपल्याशिवाय दुसऱ्या कोणाकडे नाहीत.